घशाखाली न उतरणारा आग्रह

आपल्या सदलग्यात कोणी कोणाला भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी घरात 'जेवलास का?' आणि कन्नड घरात 'ऊटा आतेनु?' सीमाभागात पाट्यांवरून या दोन भाषांचे कितीही वाद होवोत, या एका प्रश्नावर दोघींचे एकमत आहे. पाहुण्याने 'पुरे' म्हटले तरी आणखी एक डाव वाढायचा, ही आपली रीत. या रीतीबद्दल चार शब्द लिहिण्याचे धाडस मी आज करीत आहे. कारण गेली पाच वर्षे मला जडलेले दुखणे ताटावरच प्रकट होते आणि ताटावरच लपवावे लागते.

दहावीत असताना प्रथम जाणवले की कोरडी चपाती छातीच्या मधोमध कुठेतरी थांबते. पाण्याचा घोट घेतला की खाली जाई. मग प्रत्येक घासाला पाणी घेण्याची सवय लागली. घास लहान झाला, चावणे लांबले, पंगतीत सर्वांत शेवटी मी उठू लागलो. भावंडे हसत. आई म्हणे, "हळू जेवतोय ते बरंच आहे." मलाही तेच पटले. आजार हत्तीच्या पावलाने येतो म्हणतात. माझा मुंगीच्या पावलाने आला, म्हणून कोणालाच चाहूल लागली नाही.

बारावीच्या वर्षी जत्रेला आत्याकडे जेवायला गेलो. "माझ्या हातचं नको व्हय रं तुला?" असे आत्याने म्हटल्यावर कोण नको म्हणेल? मटणाचा तुकडा अडकला. श्वास चालू होता, बोलताही येत होते, पण थुंकीसुद्धा खाली जाईना. कोणी पाठीत थापट्या मारल्या, कोणी केळे दिले, कोणी भाताचा गोळा गिळायला सांगितला. सगळ्यांची माया खरी होती आणि सगळे उपाय चुकीचे होते. अखेर रात्री शहरातल्या एका रुग्णालयात दुर्बिणीने तो तुकडा काढला. "ॲसिडिटी आहे, काळजी करू नका," असे सांगून गोळ्या देऊन घरी पाठविले. अन्ननलिकेचा कण तपासणीसाठी घेतला नाही. पुढे वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी तो घेतला, तेव्हा खरे नाव कळले : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

नाव अवघड आहे, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे तिच्या अस्तरात एरवी काही काम नसते. काही माणसांत एखाद्या अन्नपदार्थाच्या ॲलर्जीमुळे त्या तेथे गर्दी करतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक दिसल्या, तर या आजाराचा संशय पक्का होत जातो. सूज वर्षानुवर्षे राहिली तर नळी ताठर व अरुंद होते. दुर्बिणीतून अस्तर कधी कधी चांगले दिसते. म्हणून कण तपासल्यावाचून निदान होत नाही. स्वतंत्र आजार म्हणून याची ओळख पटली तीच मुळी १९९३-९४ च्या सुमारास. तेव्हा पहिल्या डॉक्टरांवर मी राग धरीत नाही; पण गिळताना घास अडकतो असे सांगणाऱ्या रुग्णाचा कण तपासावा, एवढी अपेक्षा चूक नसावी.

उपचार आहेत. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या काहींना पुरतात. दम्याचे औषध मधात घट्ट कालवून गिळायचे आणि नंतर अर्धा तास पाणीही प्यायचे नाही, असाही एक उपाय आहे. औषध दुकानदार मला दर वेळी विचारतो, "दमा कुणाला आहे?" तिसरा मार्ग पथ्याचा. दूध, गहू, अंडी, सोयाबीन, दाणे-सुकामेवा आणि मासे हे सहा गट बंद करून एकेक परत सुरू करायचा आणि दर वेळी दुर्बिणीने पाहायचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा खर्च लगेच उमगतो! सुदैवाने २०२३ साली अमेरिकेतील १२९ प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहाही गट सोडणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि फक्त जनावराचे दूध सोडणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांची सूज सहा आठवड्यांत ओसरली. फरक नगण्य होता. माझ्या डॉक्टरांनी म्हणूनच दुधापासून सुरुवात केली. खाल्लेल्याची रोज कीर्द लिहिली, खतावणी मांडली आणि मला दूध सोसत नाही हे सिद्ध झाले. दूधगंगेच्या काठी राहून दूध वर्ज्य, ही आमची गंमत!

परंतु खरी अडचण पथ्याची नाही, पथ्य सांगण्याची आहे. चहा नको म्हटले की "एवढ्याशा दुधानं काय होतंय?" पेढा नको म्हटले की "आनंदात भागीदार नाहीस का?" पंचविशीच्या आत पथ्य पाळणारा मुलगा म्हणजे नाटकी किंवा नाजूक, असा शिक्का बसतो. आणि हे कोणत्या गावात? आचार्य विद्यासागरजींच्या जन्मगावात. १९४६ साली याच सदलग्यात ते जन्मले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस सोडण्याला जैन परंपरेत तप मानतात. शेजारच्या काकूंनी एखादा रस सोडला, तर आमच्या घरीसुद्धा त्यांना कोणी आग्रह करीत नाही; उलट आदराने विचारून वाढतात. व्रत आणि पथ्य एक नव्हे, हे मला कळते. त्यांचा त्याग स्वेच्छेचा, माझा नाइलाजाचा. पण व्रतासाठी म्हटलेले 'नको' ज्या गावाला समजते, त्याला आजारासाठी म्हटलेले 'नको' समजणे अवघड का जावे?

मित्रहो, मी आदरातिथ्य बंद करा म्हणत नाही. वाढण्याआधी विचारावे आणि पहिले 'नको' खरे मानावे, इतकेच म्हणतो. वसतिगृहात, कँटीनमध्ये एखादा सोबती प्रत्येक घासाला पाणी पीत असेल, मटण-चपाती टाळत असेल, तर त्याला हसू नका, "गिळताना त्रास होतो का?" असे एकांतात विचारा. मला हा प्रश्न दोन वर्षे कोणी विचारला नाही, आणि मीही सांगितले नाही. तो दोष माझाही आहे. घास अडकून थुंकीही उतरत नसेल, तर केळी-भात कोंबू नका. थेट रुग्णालय गाठा. श्वासच कोंडला असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

परवा आत्या आमच्या घरी आली होती. तिने माझ्यासाठी भाकरी आणि बिनदुधाची खीर केली. वाढताना हात थांबवून म्हणाली, "बास म्हण, मग थांबते." मी 'बास' म्हटले आणि ती थांबली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.