गोपनीयतेचे दुकान आणि नागरिकाचा हक्क

टॉरेंटसाठी व्हीपीएन कोणते घ्यावे, हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या संगणक-अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत, चोपडा-शिरपूरच्या वसतिगृहांत ज्याच्या हाती मोबाइल आहे अशा प्रत्येक तरुणापुढे तो उभा राहू शकतो. कार्यकर्त्यांच्या घरीही तो येऊन पोहोचला आहे. ‘हा बाजारातला प्रश्न आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?’ असे म्हणून तो टाळणे सोपे आहे. पण ज्ञान कोणाच्या मालकीचे, नागरिकावर पाळत ठेवण्याचा अधिकार कोणाचा आणि कलावंताच्या श्रमाचे मोल कोणी द्यायचे, असे तीन जुने प्रश्न या एका नव्या प्रश्नात दडलेले आहेत. म्हणूनच त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम टॉरेंटची रीत पाहू. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ साली ती रूढ केली. एका मोठ्या कोठारातून माल उचलण्याऐवजी ज्याच्यापाशी फाइलचा जेवढा तुकडा आहे तेवढा त्याने इतरांना द्यावा आणि उरलेले तुकडे इतरांकडून घ्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. खानदेशातील शेतकऱ्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. सावडीने शेतीची कामे उरकतात ती याच न्यायाने. या रीतीत मुळात वाईट असे काहीच नाही. डेबियन व उबुंटू या मुक्त संगणक-प्रणाली टॉरेंटने अधिकृतपणे वाटल्या जातात, आणि इंटरनेट आर्काइव्ह आपल्या संग्रहातील ग्रंथही त्याच मार्गाने देते.

परंतु सावडीला कोण आले हे जसे साऱ्या गावाला दिसते, तसेच इथेही आहे. एखादी फाइल घेणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता तीच फाइल घेणाऱ्या इतर सर्वांना दिसतो. त्या घोळक्यात चित्रपट-कंपन्यांनी नेमलेले टेहळेही असू शकतात, आणि पत्त्यांची यादी करायला त्यांना फारसे कष्ट पडत नाहीत. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीलाही ग्राहकाची ही सारी ये-जा कळू शकते. व्हीपीएन येथे आडोसा देते. ग्राहकाच्या यंत्रापासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतची वाहतूक बंद पाकिटातून जाते, आणि बाहेरच्या जगाला ग्राहकाचा पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

येथेच खरी मेख आहे. पाकीट पोहोचविणारा जासूद कोण? पूर्वी इंटरनेट कंपनीला जे कळत होते ते आता व्हीपीएन कंपनीला कळू शकते. म्हणजे व्हीपीएनमुळे विश्वासाची गरज नाहीशी होत नाही. विश्वास एका दारातून काढून दुसऱ्या दारी ठेवला जातो, इतकेच. ते दुसरे दार कोणाचे, हे न पाहता केवळ जाहिरातीवर भुलणे म्हणजे घराच्या किल्ल्या अनोळखी इसमाकडे सोपवून निर्धास्त झोपण्यासारखे आहे.

या बाजाराचा इतिहास सावध करणारा आहे. होला नावाची फुकट सेवा आपल्या ग्राहकांचीच इंटरनेट-जोडणी दुसऱ्या व्यवसायामार्फत विकत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचे व्हीपीएन सुरक्षिततेच्या नावाने वाटले गेले, आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत राहिली. अखेर २०१९ मध्ये ते बंद करावे लागले. ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही’ अशी ग्वाही देणाऱ्या यूएफओ व्हीपीएन या कंपनीच्या नोंदी २०२० मध्ये इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. प्युअरव्हीपीएननेही अशीच ग्वाही दिली होती. २०१७ मध्ये एका अमेरिकन खटल्यात तिच्याकडील नोंदी तपासयंत्रणेच्या उपयोगी पडल्या. त्या प्रकरणातील गुन्हेगार सापडला हे योग्यच झाले. पण ज्या नोंदी नाहीत असे सांगितले जाते त्या असू शकतात, हेही त्याबरोबरच सिद्ध झाले.

मग परीक्षणे वाचून निवड करावी, असे कोणी म्हणेल. पण परीक्षक तरी कोणाचे? केप टेक्नॉलॉजीज या कंपनीचे पूर्वीचे नाव क्रॉसरायडर. लोकांच्या संगणकात जाहिराती घुसविणाऱ्या सॉफ्टवेअरशी ते जोडले गेले होते. या कंपनीने सायबरघोस्ट व प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस घेतल्या, आणि २०२१ मध्ये सुमारे ९३ कोटी ६० लाख डॉलरला एक्स्प्रेसव्हीपीएन घेतली. त्याच वर्षी व्हीपीएनची परीक्षणे छापणारी व्हीपीएनमेंटॉर व विझकेस ही संकेतस्थळेही तिच्या मालकीत आली. नॉर्ड व सर्फशार्क यांच्या विलीनीकरणाची घोषणा २०२२ मध्ये झाली. दुकान, माल आणि मालाचे गुणगान करणारे पत्र एकाच मालकाचे असावे, ही मक्तेदारी भांडवलाची ओळखीची तऱ्हा आहे. नावे अनेक दिसली तरी तिजोऱ्या थोड्याच असतात.

दुसऱ्या बाजूला शासन आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एक आदेश काढला. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दूरध्वनी, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण अशी माहिती किमान पाच वर्षे जपून ठेवावी, असे त्यात आहे. संस्था व कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना मात्र यातून वगळण्यात आले. म्हणजे कंपनीची गोपनीयता मान्य, सामान्य नागरिकाची संशयास्पद! या आदेशानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन आदी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून नेले. पुढे २०२५ च्या आरंभी गृहमंत्रालयाच्या आदेशावरून काही व्हीपीएन ॲप गूगल व ॲपलच्या भारतातील दुकानांतून हटविण्यात आली. व्हीपीएन वापरणे हा देशात सरसकट गुन्हा नाही. पण प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे हे उघड आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ज्या पिढीने आणीबाणीत टपाल फोडले जाताना पाहिले, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके पिशवीच्या तळाशी लपवून गावोगाव पोहोचविली, तिला या हक्काचे मोल वेगळे सांगायला नको. ‘ज्याने काही केले नाही त्याला लपविण्याचे कारण काय?’ हा युक्तिवाद तेव्हाही सत्ताधाऱ्यांचाच होता. आदिवासींच्या वनहक्कांसाठी सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्याला, मजूर संघटित करणाऱ्याला आपला पत्रव्यवहार खासगी ठेवण्याचा अधिकार आहे. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही.

मग निवड कशी करावी? कसोट्या थोड्या व स्पष्ट आहेत. नोंदी न ठेवण्याचा दावा बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासला आहे काय, आणि तो प्रत्यक्ष प्रसंगी टिकला आहे काय, हे पाहावे. स्वीडनच्या मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले आणि ग्राहकांची माहितीच नसल्यामुळे रिकाम्या हाताने परतले. हजार जाहिरातींपेक्षा असा एक दाखला मोलाचा. मालक कोण आहे हे जाहीर असावे. नाव वा ईमेल न मागणारी सेवा अधिक बरी. सेवेत टॉरेंटला मुभा आहे काय, हेही पाहावे. प्रोटॉनची फुकट योजना बऱ्यापैकी विश्वासार्ह मानली जाते, पण तिच्यात टॉरेंटला मुभा नाही.

त्यानंतर आपल्या हातातील काळजी. व्हीपीएन मध्येच तुटले तर सारी वाहतूक आपोआप थांबविणारी ‘किल स्विच’ची सोय चालू असावी. टॉरेंटचे सॉफ्टवेअर केवळ व्हीपीएनच्या जोडणीलाच बांधून ठेवावे. क्यूबिटटॉरेंट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. एरवी व्हीपीएन तुटताक्षणी खरा पत्ता चव्हाट्यावर येतो. शिवाय व्हीपीएन पत्ता झाकते, विषाणू गाळत नाही. चित्रपट म्हणून घेतलेली फाइल संगणकात काही बसवू पाहत असेल, तर ती तत्काळ काढून टाकावी. टॉर ही निराळी व्यवस्था आहे, आणि टॉरेंटसाठी ती वापरू नये, असे तिचे निर्मातेच सांगतात.

एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो: या बंद पाकिटातून नेमके काय न्यावयाचे? पडदा कितीही दाट असला तरी तो अन्यायाला न्याय करीत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, बेकायदा प्रत नुसती पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन वा विक्री करणे हा गुन्हा होय. पण टॉरेंटमध्ये घेणारा हा त्याच क्षणी देणाराही असतो, हे विसरून चालणार नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

कायद्याहून मोठी गोष्ट श्रमाची आहे. अहिराणी गाणी आणि चित्रफिती तयार करणारे खानदेशातील कलावंत तुटपुंज्या पैशांवर काम करतात. मुंबई-आग्रा रस्त्यावरील शेजारच्या मालेगावात शेख नासिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ उभा केला तो पदरमोड करूनच. अशा माणसांची कृती फुकट वाटणे म्हणजे शेतमजुराची मजुरी बुडविणे होय. मुंबईच्या धनाढ्य निर्मात्याला लावलेला न्याय अहिराणी गायकाला लावून ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याला समतेचा अर्थ कळलेला नाही.

याउलट जे ज्ञान समाजाचे आहे त्यावर कुंपण घालणाऱ्यांपुढे मान तुकविण्याचेही कारण नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. शिक्षणासाठी केलेल्या अशा प्रती कायद्यातील अपवादात बसतात, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १३,००० संशोधनपत्रिका त्यातून खुल्या व्हायच्या आहेत. पण योजनेची रचना शासकीय संस्थांसाठी आहे. खासगी महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि महाविद्यालयाबाहेरचा अभ्यासू कार्यकर्ता यांनी काय करावे? सार्वजनिक पैसा परदेशी प्रकाशकांच्या हाती जायचा आणि दार मात्र निवडकांनाच उघडायचे, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली, आणि ती घरोघर पोहोचली. गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे लोटल्यावर, १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले. त्यांचे लेखन तर त्याआधीच मुक्त झालेले आहे. जुनी दप्तरे माळ्यावर कुजू नयेत म्हणून त्यांनी गावोगाव पायपीट केली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. नव्या आवृत्त्यांतील प्रस्तावना व टिपा सोडल्या, तर या मूळ लेखनाची प्रत कोणीही करावी, कोणालाही द्यावी. येथे टॉरेंट वापरायला लपाछपीची गरजच नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. २०२२ च्या आदेशातील नोंदी ठेवण्याची सक्ती रद्द व्हावी, ही मागणी सभा-परिषदांतून लावून धरली पाहिजे. त्याचबरोबर जळगाव-धुळ्याच्या सार्वजनिक वाचनालयांतील मुक्त झालेले ग्रंथ, जुनी वृत्तपत्रे आणि अहिराणीचा ठेवा शासकीय खर्चाने संगणकावर आणून सर्वांना खुला करावा, यासाठी जिल्हा नियोजन समित्यांपुढे आग्रह धरला पाहिजे. राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याचा अर्थ केवळ कपाटे आणि कुलपे एवढाच राहता कामा नये.

तोवर तरुणाने व्हीपीएन जरूर घ्यावे, पारखून घ्यावे. पण विकत घेतलेली गोपनीयता ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यापुरतीच असते. दरमहा पाच युरो मोजू शकणाऱ्याला खासगीपणा, आणि केळीच्या बागेत राबणाऱ्याच्या मुलाला उघडा पत्ता, अशी विभागणी ज्या समाजात होते तेथे हक्काची वस्तू झालेली असते. ती पुन्हा हक्काच्या रूपात मिळविणे हे दुकानात होणारे काम नाही. त्यासाठी संघटनाच लागते.