नाचरी चित्रं

बालमित्रांनो, चित्रातली माणसं खांबासारखी ताठ दिसतात, म्हणून वही मिटून टाकता ना? मिटू नका, आधी नाचा! आमच्या दिवाळे गावात कोळीनाच पोराटोरांनाही येतो. वल्हं मारल्यासारखे हात करा नि मध्येच थांबा. कंबर कुठं वाकली? गुडघा कुठं दुमडला? नीट बघा.

आता वारली चित्रकारांची युक्ती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडा, झालं धड! हातपाय नुसत्या रेघांचे. वरचा त्रिकोण जरा कलवा, की माणूस लागला नाचायला! जिव्या सोमा मशे यांनी अशाच आकृत्यांनी तारपा नाचाचे फेर रंगवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आईबाबांनो, वाकडी रेघ खोडू नका. नाच तिच्यातच असतो!