श्वेतप्रदर म्हणण्यापूर्वी

कन्हानसारख्या गावात वैद्यकी करणाऱ्यास ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार नवी नाही. कोळसा खाणींच्या वसाहतींतील आणि पारशिवनीकडील खेड्यांतील स्त्रिया ती हळू आवाजात, बहुधा कंबरदुखीच्या आडून सांगतात. आपल्याकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते : तांदळाच्या धुवणाबरोबर पुष्यानुग चूर्ण, जेवणानंतर पत्रांगासव, आणि धावनासाठी त्रिफळा किंवा पंचवल्कलाचा काढा. तपासणी क्वचितच होते. औषधी दुकानात तर प्रश्नही विचारला जात नाही. एखादे सायरप किंवा तीन गोळ्यांचा संच पुढे केला जातो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या औषधांवर नाही. ती निदानाच्या जागी बसविली जातात, यावर आहे.

या विषयाचा पाया आपल्या विदर्भातच घातला गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते; सरासरी दर स्त्रीमागे ३.६. त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हे आकडे आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकले आहेत. त्यांतील एका आकड्याकडे मात्र दुर्लक्ष होते : ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही हे त्यावरून दिसते.

गोव्यातील डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीने दुसरी बाजू दाखविली. २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे अडीच हजार स्त्रिया होत्या. स्रावाची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत संसर्गापेक्षा मानसिक ताण, शारीरिक थकवा व घरातील विवंचना यांचा संबंध अधिक ठळक आढळला. जे संसर्ग सापडले त्यांत पहिला क्रमांक बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, १७.८ टक्के, कॅन्डिडाचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे ‘पांढरे जाणे’ ही तक्रार आणि योनिगत विकार या दोन गोष्टी एकमेकींवर नीट बसतच नाहीत. केवळ तक्रार ऐकून लिहिलेले औषध कितीदा निष्कारण गेले असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे बाहेरून आलेल्या एका जंतूचा हल्ला नव्हे. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करून पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राखतात. ही वस्ती विरळ झाली की गार्डनरेला व इतर अवायुजीवी जिवाणू शेकडो पटींनी वाढतात. लाली, सूज, दाह बहुधा नसतो. म्हणूनच नावात ‘आयटिस’ नाही. स्राव पातळ, करडा, भिंतीला सारखा चिकटलेला. गंध मासळीसारखा, समागमानंतर अधिक.

आपल्या ग्रंथांत याला नाव कोणते? काही लेखक सरळ कफज योनिव्यापद म्हणून मोकळे होतात. पण कफजात कंडू व पिच्छिलता प्रधान आहे आणि ते वर्णन कॅन्डिडाला अधिक जवळचे वाटते. पित्तजात दुर्गंध आहे, परंतु दाहही आहे. एकास एक अशी जुळवणी करण्याचा अट्टहास मला पटत नाही. चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात अचरणेचे कारण योनी न धुणे व त्यामुळे होणारे जंतू असे सांगितले आहे. हे निरीक्षण मोलाचे आहे. मात्र त्यावरून ‘जितके धुवावे तितके बरे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ग्रंथाचा विपर्यास होय.

खरा वाद येथेच आहे. योनीच्या आत पाणी किंवा द्रव सोडून धुण्याची सवय असलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कारण उघड आहे : धुण्याने जी वस्ती राखायची तीच वाहून जाते. आपला काढा साबणाइतका उग्र नाही, कषाय द्रव्यांनी स्राव आटोपतो, हे मान्य. परंतु स्राव कमी होणे आणि लॅक्टोबॅसिलसची वस्ती पुन्हा बसणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून धावन हे मोजक्या दिवसांचे, निदानानंतरचे आणि वैद्याच्या देखरेखीखालील कर्म राहावे. ‘रोज करीत जा’ असे सांगून रुग्णा घरी पाठवू नये. गर्भिणीत तर ते टाळावेच; या विकाराचा अकाली प्रसूतीशी संबंध आहे, तिला विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

निदानास मोठे साहित्य लागत नाही. १९८३ साली आम्सेल यांनी दिलेली चार लक्षणे आजही वापरात आहेत : उपरोक्त स्राव, ४.५ हून अधिक पीएच, स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उठणारा मासळीचा गंध, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकलेल्या ‘क्ल्यू’ पेशी. चारांपैकी तीन मिळाल्यास निदान पक्के. पीएचची पट्टी स्वस्त मिळते, फक्त ती अर्ध्या अंकाचा फरक दाखविणारी हवी. साधा लिटमस उपयोगाचा नाही. स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा. रजःस्राव चालू असताना किंवा रजोनिवृत्तीनंतर पीएच तसाही चढलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. आणि स्पेक्युलमने गर्भाशयमुख पाहिल्याशिवाय दुर्गंधी स्रावावर महिनोन्‌महिने चूर्ण देणे अक्षम्य आहे, कारण त्या स्रावामागे गर्भाशयमुखाचा कर्करोग असू शकतो.

चिकित्सेत मेट्रोनिडॅझोल सात दिवस हा प्रस्थापित मार्ग आहे. ज्यांना ते लिहिण्याचा अधिकार आहे त्यांनी लिहावे, इतरांनी पाठवावे. त्याच काळात पत्रांगासव किंवा अशोकारिष्ट चालू ठेवू नये हे बरे. आसवारिष्टांत मद्यार्क असतोच व या औषधाच्या माहितीपत्रकात मद्यार्क वर्ज्य सांगितला आहे. हा निषेध अनावश्यक मानणारेही अलीकडे आहेत, पण चार दिवस आसव थांबविण्यात नुकसान ते काय?

या औषधाची उणीवही मोठी आहे. वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांत विकार उलटतो. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १६४ जोडप्यांच्या चाचणीत पतीसही पोटातून व स्थानिक औषध दिले असता बारा आठवड्यांत पुनरुद्भव ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. आपल्याकडे पतीला दवाखान्यात बोलावणे किती अवघड असते ते सर्वांस ठाऊक आहे. तरी वारंवार उलटणाऱ्या रुग्णेत तो प्रयत्न करावाच लागेल.

पुनरुद्भव रोखण्यात आपल्या औषधांना वाव असेल, अशी माझी धारणा आहे. परंतु ती धारणाच आहे. पंचवल्कल पिचूपूर्वी पीएच किती होता, महिन्याने किती, तीन महिन्यांनी क्ल्यू पेशी होत्या की नाहीत, एवढी नोंद संघटनेच्या सभासदांनी एका वहीत ठेवली तर दोन वर्षांत बोलण्याजोगे काही हाती येईल. ‘रुग्णेस बरे वाटले’ या शेऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

औषधी दुकानदार बंधूंस दोन गोष्टी. मेट्रोनिडॅझोल हे अनुसूची ‘एच’मधील औषध आहे, चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि तीन औषधांचा संच ‘पांढऱ्यावर चालतो’ म्हणून देणे तर त्याहून घातक. दुसरे, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत गर्भाशयाचे विकार व स्त्रीरोग यांचा समावेश आहे, तेव्हा ‘श्वेतप्रदर हमखास बरा’ असा फलक काचेवर लावण्यापूर्वी तो कायदा वाचावा. काउंटरवर आलेल्या स्त्रीला तीनच प्रश्न विचारावेत : दिवस गेले आहेत का, ताप किंवा ओटीपोटात दुखते का, समागमानंतर रक्त जाते का. एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर बाटली परत कपाटात ठेवून तिला दवाखान्याचा पत्ता द्यावा.