आंब्याचे अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हायला कुरकुरणाऱ्या नातवंडांना आमच्या चांदीपच्या मावशी सांगतात, "अरे, परदेशी जायचे तर आंब्यालासुद्धा न्हावे लागते!" मुलांना ही थट्टा वाटते, पण मावशींचे म्हणणे अगदी खरे आहे.

1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याच्या जोडीला अळू, कारली, वांगी व पडवळ यांना दार बंद केले. तेही ऐन हंगामात! मावशींचा लंडनचा लेक त्या वर्षी हापूसला मुकला. आंब्याच्या बाबतीत अपराधी होती फळमाशी. ही बया फळाच्या पोटात अंडी घालते. वरून फळ कसे साजरे दिसते! ती ब्रिटनच्या काचघरांतील टोमॅटो-काकडीत शिरली, तर तिथल्या बागायतदाराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

मग आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून, तपासून पाठवण्याची सोय झाली आणि जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली. अमेरिकेची रीत निराळी; तिकडे 2007 पासून आंबा किरणांचा मारा सोसून जातो.

असे निर्बंध शास्त्राच्या आधारावरच असावेत, असा जागतिक व्यापार संघटनेचा 1995 पासूनचा करार आहे. तरी दार लागते ते काही किडक्या पेट्यांमुळे, आणि भुर्दंड बसतो निर्मळ माल पिकवणाऱ्यालाही.

मावशींचा निवाडा सोपा आहे: "पाहुण्याने न्हाऊन जावे, आणि यजमानानेही उगाच कडी लावू नये!"