सायकल घेतलीत, पण पंप घेतलात का?



गेल्या वर्षी आमच्या आठवीतली एक मुलगी सलग चार दिवस शाळेत आली नाही. आजारी असेल असं वाटलं. पाचव्या दिवशी आली तेव्हा विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "सर, सायकल पंक्चर होती. पप्पा बाजाराच्या दिवशीच तालुक्याला जातात." घर शाळेपासून चार किलोमीटर. हजेरीपटावर चार गैरहजेऱ्या, आणि कारण काय, तर बाभळीचा एक काटा.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ही योजना चांगलीच आहे. बाकीचे पालकही पोटाला चिमटा काढून मुलांना सायकल घेतात. दुकानात गेल्यावर मग पुढची बास्केट, रंगीत सीटकव्हर, चाकाच्या तारांत चमकणारे मणी असं सगळं घेतलं जातं. पंप मात्र कुणी घेत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलाच्या सायकलवर पहिले जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील तर ते पंप आणि पंक्चरच्या सामानावर करा. बास्केट पुढच्या दिवाळीला घ्या.

आधी एक गोष्ट सांगतो. हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं नसतं. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या वॉल्वमध्ये रबराची एक बारीक नळी असते. दुकानात तिला वालट्यूब म्हणतात. ती उन्हाने कडक होते, चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. ही नळी अगदी किरकोळ पैशांत मिळते आणि बदलायला दोन मिनिटं लागतात. कंपासपेटीत दोन तुकडे ठेवले तरी पुरे. मोटारसायकलसारखा वॉल्व असलेल्या नव्या सायकलींना मात्र वालट्यूब नसते, आणि त्यांच्या पंपाचं तोंडही वेगळं असतं. म्हणून पंप घ्यायला जाताना सायकल सोबत न्या. आम्ही नेली नाही, आणि दुसऱ्यांदा हेलपाटा घातला.

आता खरं पंक्चर. त्यासाठी टायर काढायच्या दोन पट्ट्या, घासकागद, सोल्युशनची ट्यूब आणि पॅच एवढंच लागतं. चाक काढावंच लागतं असंही नाही. वॉल्वची चकती सोडवायची, टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची आणि ट्यूब बाहेर ओढायची. पट्टी नसेल तर मुलं सरळ स्क्रूड्रायव्हर खुपसतात आणि एका पंक्चरची दोन करून ठेवतात! ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवली की बुडबुडे जागा दाखवतात. जागा पुसून कोरडी करायची, घासायची, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. मुलांना नेमकं हेच जमत नाही. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबतात आणि संध्याकाळपर्यंत तो सुटतो. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच लावायचा आणि जोरात दाबायचा.

यात सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे काटा. पॅच लावला, पण काटा टायरमध्येच राहिला, तर घरी पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर. टायरच्या आतून हलक्या हाताने बोट फिरवून तो शोधायचा. आमच्या त्या मुलीच्या टायरमध्ये एक नव्हे, तीन काटे निघाले.

बाकीचं सामान थोडक्यात सांगतो. नट आवळायला एक पाना. चेनसाठी मशीनचं तेल. घरातलं गोडं तेल नको, त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. तेलही थेंबाथेंबाने घालून वरचं फडक्याने पुसून घ्यायचं. ब्रेकचे रबर झिजलेत का ते महिन्यातून एकदा बघा. आणि चेनकव्हर तुटलं असेल तर ते आजच बसवा. ओढणी चेनमध्ये अडकून मुलगी पडताना मी स्वतः पाहिली आहे. हेल्मेट घेता आलं तर जरूर घ्या. थंडीत शाळा सुटून घरी जाईपर्यंत अंधारायला लागतं, त्यात ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर. मागचा लाल रिफ्लेक्टर नसलेली सायकल त्या ड्रायव्हरला दिसणार कशी? लाल दिवा असेल तर उत्तमच.

हे सगळं प्रत्येक घरात हवं असं मी म्हणत नाही. गावात किंवा शाळेत एक संच असला तरी चालतं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून पंप, पट्ट्या, पाना, सोल्युशन आणि तेलाची बाटली आणली. दोन कार्यानुभवाच्या तासांत सगळ्यांना पंक्चर काढायला लावलं, मुलींनाही. एका पालकाने विचारलं, "सर, आता पोरींना सायकलचं दुकान टाकून देताय का?" मला राग आला नाही. पण तुम्हीच सांगा, आपण मुलीला सायकल देतो ती कुणावर अवलंबून न राहता तिला शाळेत येता यावं म्हणून. मग ती बंद पडल्यावर तिने पुन्हा पप्पांच्या बाजाराच्या दिवसाची वाट का बघायची?

ती मुलगी आता मधल्या सुट्टीत इतरांची पंक्चरं काढते. परवा माझ्याही सायकलचं काढलं आणि वर सांगितलं, "सर, टायर बदला, गुळगुळीत झालंय."

तुमच्या शाळेत असा संच करणार असाल तर एक सूचना. पंप कपाटात ठेवू नका, शाळा सुटल्यावर किल्लीवाले सर गेलेले असतात. तो व्हरांड्यात खिळ्याला टांगा, पण साखळीने बांधून. आमचा पहिला पंप व्हॉलीबॉलमध्ये हवा भरायला म्हणून कुणीतरी नेला, तो अजून परत आलेला नाही.