मणक्यातला गॅप

"मणक्यात गॅप आलाय म्हणे."

चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही घोळक्यात पाच मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडतंच. त्यामागोमाग सल्ल्यांची सरबत्ती. वाकू नका, वजन उचलू नका, जमिनीवर झोपा, पट्टा लावा. गंमत म्हणजे गॅप 'येत' नाहीच. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर वाळते, चपटी होते, म्हणजे असलेला गॅप उलट कमी होतो! पण वाक्य रुळलं ते रुळलं.

मागच्या वर्षी हे वाक्य आमच्या घरात शिरलं. बाबा ६६ वर्षांचे, रोज सकाळी पर्वती चढणारे. दोन-तीन महिने कंबर दुखत होती म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये 'डिजनरेशन', 'डेसिकेशन', 'बल्ज' असले भारदस्त शब्द. रिपोर्ट हातात पडेपर्यंत बाबा कुरकुरत का होईना, पण पर्वती चढत होते. रिपोर्ट वाचला आणि पर्वती बंद. मग भाजीची पिशवी बंद. मग नातीला उचलणं बंद. दोन महिन्यांनी दुखणं होतं तेवढंच, पण आता खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले.

माझं स्पष्ट मत आहे, त्या दोन महिन्यांत बाबांचं जेवढं नुकसान गादीने केलं नसेल तेवढं त्या कागदाने केलं.

आता थोडं मशिनरीबद्दल. आपल्या पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. बाहेर चिवट धाग्यांचं वेटोळं आणि आत पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गर. दिवसभराच्या भाराने त्यातलं थोडं पाणी बाहेर जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत येतं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो (मोजून बघा, मी बघितलंय). मोठेपणी या गाद्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, शेजारच्या हाडांमधून झिरपून येईल त्यावर त्या जगतात. त्यामुळे झीज भरून निघणं अवघडच. वय वाढतं तसं पाणी धरायची ताकद कमी होते. केस पांढरे होतात तसंच हे.

'तसंच' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की काहीही त्रास नसलेल्या लोकांमध्येसुद्धा विशीत ३७ टक्के, तिशीत ५२ टक्के आणि साठीत ८८ टक्के जणांच्या गाद्यांमध्ये झीज दिसते. म्हणजे हे वाचणाऱ्या निम्म्या तिशीकरांच्या रिपोर्टमध्येही तोच शब्द सापडेल. घाबरलात? बाबाही असेच घाबरले होते.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. बिल्ड केल्यावर तीनशे वॉर्निंग येतात. त्या खऱ्याच असतात, पण प्रॉडक्शनमध्ये जे कोसळलंय ते त्यांच्यामुळेच, असं लॉग बघून कोणी शहाणा माणूस सांगत नाही. मणक्याच्या बाबतीत मात्र आपण पहिली वॉर्निंग वाचतो आणि सर्व्हर बंद करून टाकतो.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पद्धतशीर व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. आणि शिफारस कशाची नाही? कंबरपट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचं मशीन. नेमकं तेच, ज्याला आपण 'फिजिओथेरपी' म्हणतो! आडवं पडायचं, कोणीतरी मशीन लावणार, वीस मिनिटांनी उठायचं, पैसे द्यायचे. घाम आपला येणार नसेल तर आपल्याला उपचार फार आवडतात.

बाबांना ज्या फिजिओ मिळाल्या त्यांनी मशीन लावलंच नाही. रिपोर्टवर नजर टाकली, पाय, संवेदना, ताकद तपासली आणि म्हणाल्या, "काका, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू." तिथून सुरुवात. खुर्चीतून उठ-बस, पाठीवर झोपून कंबर उचलणं, रांगत्या अवस्थेत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, आणि दहा मिनिटं चालणं. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. तिसऱ्या आठवड्यात हातात चार किलोची पिशवी दिली. बाबा म्हणाले, "अहो, पण गॅप..." त्या म्हणाल्या, "गॅपला राहू दे तिथेच. दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं, तर चालेल."

व्यायामाने गादी नवी होत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. स्नायू भार घ्यायला शिकतात आणि माणसाची भीती उतरते.

खरी गोची पुढे असते. दुखणं थांबतं आणि व्यायामही थांबतो. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या काही जणांना फिजिओच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, बाकीच्यांना काही नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. परतलं दोघांचंही! पण जवळजवळ दुप्पट शांत दिवस, तेही फुकटच्या चालण्याने, मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरी आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

बाकी सगळ्यांसाठी विनंती एवढीच. घरी कोणाचा रिपोर्ट आला तर तो मोठ्याने वाचून "आता जपा हं" म्हणू नका. मी म्हटलं होतं. पिशवी हातातून काढून घेणाराही मीच होतो. प्रेमाने माणसाला खुर्चीत बसवून ठेवणं फार सोपं असतं.

बाबांची कंबर अजूनही अधूनमधून दुखते. गादी आहे तशीच आहे. पण गेल्या महिन्यापासून ते परत पर्वती चढताहेत, मधे दोनदा थांबून. मी बरोबर गेलो होतो. मी तीनदा थांबलो.

असो. हे बसून लिहिताना तास झाला. उठतो आता.