दूरून काढा, पण कुलूप लावून



सहकारी बँकांच्या शाखांतील संगणकांवरचा जुना अँटिव्हायरस मुख्यालयातूनच काढावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच पटते. किनवट आणि देगलूर ही नांदेड जिल्ह्याची दोन टोके. प्रत्येक शाखेत माणूस धाडणे परवडत नाही, हे खरेच.

पण ज्या अॅडमिन खात्यातून अँटिव्हायरस काढण्याचा आदेश सुटतो, तेच चोराच्या हाती लागले तर? रॅन्समवेअर टोळ्या आधी सुरक्षाप्रणालीच बंद पाडतात, मग फायली कुलूपबंद करतात. म्हणूनच अनइन्स्टॉलला वेगळा पासवर्ड असतो. तो अनेक कार्यालयांत मॉनिटरवर चिकटवलेला दिसतो!

आणखी एक. विंडोज १० वर दुसरा अँटिव्हायरस निघताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. सर्व्हरवर त्या भरवशावर राहू नये. बंद असलेल्या संगणकापर्यंत तर आदेश पोचतच नाही.

हा धोका काल्पनिक नाही: २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये गेले. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळवली गेली. ठेवी शेतकऱ्यांच्या, पेन्शनरांच्या असतात.

नांदेड-लातूरच्या सहकारी बँकांनी असा आदेश दोन अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय सोडू नये आणि नवी प्रणाली प्रत्येक संगणकावर चालू झाल्याची यादी तपासूनच काम संपले म्हणावे.

— एक वाचक, लातूर